इंजिन खोलायच्या आधी

भोसरी एमआयडीसीच्या मागच्या गल्ल्यांतल्या एखाद्या गॅरेजात जुनी डिझेल गाडी आली, की मुरलेला मेस्त्री पहिल्यांदा पान्याला हात लावत नाही. इंजिन चालू ठेवायला सांगतो आणि ऑइल भरायचं झाकण फिरवून तसंच भोकावर टेकवून ठेवतो. धडधाकट इंजिनाचं झाकण जागच्या जागी थरथरतं. खंगलेल्या इंजिनाचं झाकण उडायला बघतं, आणि त्याच्या कडेने ठोक्याठोक्याला धुराचे भपकारे बाहेर पडतात. डिपस्टिक जरा वर ओढली तर तिथेही तोच प्रकार. ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, साहेब,’ मेस्त्री म्हणतो; म्हणजे सिलिंडरमधला वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोय. गाडीमालकाचा चेहरा उतरतो, कारण या शब्दांपाठोपाठ काय येतं ते त्याला शेजाऱ्याने आधीच सांगितलेलं असतं: इंजिनचं काम निघालं.

मात्र चांगला मेस्त्री इथे थांबत नाही. क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी तुंबली, तरी झाकण नाचतं. टर्बोचं सील गेलं, तरी टर्बोची हवा तेलाच्या वाटेने आत शिरते आणि झाकण नाचतं. या दोन्ही दुखण्यांत पिस्टन, रिंगा, बोअर यांचा काहीएक दोष नसतो. तरीही नाचणाऱ्या झाकणाच्या पुराव्यावर आख्खं इंजिन उतरवून बांधायला घेतल्याच्या कहाण्या या पट्ट्यात हव्या तेवढ्या ऐकायला मिळतात.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे समजायला 1248 सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन बरं. 1.3 लिटर म्हणून ओळखलं जाणारं हे मूळ फियाटचं इंजिन मारुतीने मानेसरला बनवलं. पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगावात ते फियाट आणि टाटांच्या सामाइक कारखान्यात बनलं. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली तेच असल्यामुळे गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले आणि त्याचा काळ संपला. पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि गॅरेजांतही. त्याच्या सिलिंडरचा व्यास 69.6 मिलिमीटर, पिस्टनची धाव 82 मिलिमीटर. पिस्टन खालून वर येतो तेव्हा आत घेतलेली हवा साधारण सतराव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबली जाते. त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तीत डिझेलचा फवारा पडला की तो पेटतो. डिझेलला स्पार्क प्लग नाही. दाब हीच त्याची आगपेटी.

हा दाब कुठून तरी निसटायला लागला की लक्षणं क्रमाने दिसतात. थंडीच्या सकाळी सेल्फ लांबत जातो. स्टार्ट झाल्यावर पहिली काही मिनिटं पांढरा धूर येतो आणि एक सिलिंडर मिस होतो. खंडाळ्याच्या घाटात तिसऱ्या गिअरची गाडी दुसरा मागते. ॲव्हरेज पडतं. रिंगाच झिजल्या असतील तर गाडी ऑइल खाते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते. यातलं कुठलंही लक्षण एकेकटं घेतलं तर त्याला दुसरंही कारण असू शकतं. म्हणून मोजावं लागतं.

मोजायचं साधन साधंच: घड्याळासारखा गेज, रबरी नळी आणि टोकाला अडॅप्टर. पेट्रोल गाडीत ते स्पार्क प्लगच्या भोकात बसतं, डिझेलमध्ये ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या. साधन साधं असलं तरी मोजणं साधं नाही. इंजिन गरम हवं. सगळे प्लग काढलेले हवेत, इंधन आणि इग्निशन बंद हवं, पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण सेल्फ मंद फिरला तर दाब मुळातच कमी भरतो आणि दोष इंजिनावर येतो. पेट्रोल इंजिनात साधारण 150 ते 200 पीएसआय, आताच्या डिझेलमध्ये 25 ते 30 बार भरले तर प्रकृती ठीक.

त्यातही गावाची उंची बघावी लागते. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी, त्यामुळे गेजवरचा आकडाही त्या प्रमाणात उतरतो. समुद्रसपाटी धरून छापलेले आकडे पुस्तकात बघून निगडीतल्या गाडीला नापास करणं हा अन्याय आहे. म्हणून जाणता मेस्त्री एकट्या आकड्याकडे बघत नाही, चार आकडे शेजारी-शेजारी मांडतो. गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिलेले हे आकडे पत्रिकेसारखे वाचता येतात.

समजा 27, 26, 19, 27 असे आले. तिसऱ्यात दुखणं आहे, बाकीचं इंजिन तरुण आहे. 27, 17, 16, 26 आले तर? शेजारचे दोन एकदम पडले, तर संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटच्या चिंचोळ्या पट्टीवर. तिथून दोघं एकमेकांत हवा सोडतात. चारही सारखेच पडले असतील तर चारही पिस्टन एका दिवशी झिजले हे मानायच्या आधी टायमिंग चेन किंवा बेल्ट बघायचा. चेन ताणून एखादा दात उडाला की वॉल्व्ह अवेळी मिटतात आणि धडधाकट सिलिंडरसुद्धा दाब धरत नाहीत. इथे इंजिन उतरवायचं कारणच नसतं.

यानंतरची चाचणी पेट्रोल गाडीत जुनी आणि सोपी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. दाब चढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये मात्र हा प्रयोग जपून करावा लागतो. तिथे पिस्टनच्या वर उरणारी जागाच इतकी थोडी, की ऑइलने ती भरते, दाब उगाच चढलेला दिसतो आणि खरा गुन्हेगार लपतो.

ऑइलच्या या गुणाचा एक काळा उपयोगही आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकायच्या आधी इंजिनात नेहमीपेक्षा जाड ऑइल भरतात. आठ-पंधरा दिवस धूर कमी दिसतो, आवाज बसतो आणि तेवढ्यात गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहते. ‘कॉम्प्रेशन वाढवणाऱ्या’ बाटल्यांचीही जात तीच. जुनी गाडी घेणाऱ्याने आतलं कापड बघण्याआधी डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत चोळून बघावं.

नेमकी जागा सापडते ती लीक-डाउन चाचणीत. या चाचणीसारखी स्वस्त आणि तिच्याइतकी दुर्लक्षित गोष्ट गॅरेजात दुसरी नाही. पिस्टन अगदी वर आणायचा, दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असतील अशा स्थितीत, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची. मग मेस्त्री अंगणातला बाकीचा गोंगाट बंद करायला लावतो. पंक्चरवाल्याची मशीन थांबते, पोराच्या मोबाइलवरचं गाणं थांबतं. आता कानाचं काम. एअर फिल्टरच्या नळीतून फुसफुस आली तर इनटेक वॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट, नाहीतर हेडलाच चीर. हेल्परला सायलेन्सरपाशी बसवलेलं असतं. ‘इकडं येतंय, मेस्त्री,’ तो ओरडतो, आणि हजारो रुपयांचा निर्णय त्या एका वाक्यावर फिरतो. एक्झॉस्ट वॉल्व्ह म्हणजे फक्त हेड उतरवायचं. ब्लॉकला हात नाही.

पावसाळ्यानंतर एक वेगळाच रुग्ण येतो. भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यातून गाडी दामटली जाते, एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. पाणी काढलं की गाडी चालूही होते. पण वाकलेला रॉड आखूड झालेला असतो, पिस्टन पूर्ण वर पोचत नाही आणि त्या एका सिलिंडरचा दाब कमी भरतो. लीक-डाउन लावली तर गळती कुठेच नाही! रिंगा बदला, वॉल्व्ह घासा, आकडा तसाच. गळतीशिवाय दाब कमी असेल तर गाडी पाण्यात गेली होती का, हा प्रश्न पहिला. गाडीमालक आधी नाहीच म्हणतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये वॉल्व्हची दुखणी जास्त यायला सीएनजीचाही हातभार आहे. कंपन्यांच्या शिफ्टला माणसं ने-आण करणाऱ्या कॅब दिवसरात्र सीएनजीवर पळतात. पोर्टमध्ये फवारलेलं पेट्रोल वॉल्व्हवर पडून बाष्प होतं आणि जाता जाता त्याला थंड करतं. सीएनजी कोरडा वायू, त्याच्याकडून ते काम होत नाही. वॉल्व्ह आणि सीट कोरड्याने एकमेकांवर आपटत राहतात, सीट हळूहळू खाली बसते, टॅपेटचं अंतर घटत जातं आणि एक दिवस वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाड्यांत सीटचा धातू त्यासाठीच कडक वापरलेला असतो. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत टॅपेटचं अंतर वेळच्या वेळी तपासायचं असतं, आणि ते क्वचितच तपासलं जातं.

हेड खाली आलं की ते लेथवाल्याकडे जातं. पोलादी सरळ पट्टी त्यावर तिरकी धरून खालून फीलर गेजची पाती सरकवतात. 0.05 मिलिमीटरचं पातं सहज गेलं, तर हेड तापून वाकलं म्हणायचं आणि त्याला फेस मारायचा, म्हणजे पातळ थर कापून सपाट करायचं. वॉल्व्ह आणि सीट पुन्हा घासून जुळवल्यावर पोर्टमध्ये रॉकेल ओतून हेड तासभर आडवं ठेवतात. थेंब पाझरला तर पुन्हा घासायचं. या परीक्षेला वीज लागत नाही, स्क्रीन लागत नाही, आणि ती चुकत नाही.

ब्लॉकच झिजला असेल तर गोष्ट मोठी होते. बोअर गेज सिलिंडरमध्ये उतरवून तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी माप घेतात. सिलिंडर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून उलटी फिरते तिथे, जळत्या वायूच्या दाबाखाली आणि तेलाच्या टंचाईत, झीज सगळ्यात जास्त. शिवाय पिस्टन एका बाजूला जास्त रेटतो, म्हणून गोल बोअर अंडाकृती होत जातो. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा टाकून देणारे मेस्त्री आहेत, आणि ‘रिंगा टाका फक्त’ म्हणून त्यांच्याकडे हट्ट धरणारे मालकही आहेत. अंडाकृती भोकात गोल रिंग कशी बसणार? चार-सहा महिन्यांत धूर परत येतो.

इथे या पट्ट्याचा इतिहास कामी येतो. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1966 साली पिंपरीत पाय ठेवला, पण पुण्यातून त्यांचं पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी उभं केलं ते मशीन टूल बनवण्याचं आणि शिकाऊ मुलांना घडवण्याचं काम. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून खडकीत होतीच, कमिन्स 1962 मध्ये कोथरूडला आली, बजाज आणि बजाज टेम्पो आकुर्डीत रुजल्या. या कारखान्यांच्या टूलरूममध्ये मायक्रॉनची सवय लागलेले हात निवृत्त झाल्यावर, कधी त्याआधीच, भोसरीत दोन-तीन मशीनचे गाळे घेऊन बसले. त्यांच्यापैकी जुने लोक अजूनही ‘थाऊ’त बोलतात: इंचाचा हजारावा भाग, म्हणजे 25 मायक्रॉन. ‘तीन थाऊ ओव्हल आहे,’ असं त्यांच्याकडून आलं की उलट तपासणी करायची गरज नसते.

मग बोअर मारतात: सिलिंडर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरने मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. मोठा पिस्टन मिळत नसेल किंवा भिंत पातळ असेल तर बोअर आणखी मोठा करून त्यात स्लीव्ह ठोकायची आणि मूळ मापावर यायचं. शेवटी होनिंग. दगडाच्या पट्ट्या फिरत फिरत वरखाली जातात आणि सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक ओरखड्यांची जाळी उमटते. गुळगुळीत आरशासारखा बोअर बघून खूश होणारा गाडीमालक चुकतो. या जाळीत तेल टिकतं आणि तिच्यावर घासून नव्या रिंगा आपलं तोंड जुळवून घेतात. होनिंगनंतर बोअर साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा आणि लगेच तेल लावायचं. नुसतं डिझेलने धुतलं तर दगडाची बारीक पूड जाळीत राहते आणि नव्या रिंगांना पहिल्या दिवसापासून खात बसते. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, हा नियम सांगतात सगळे. पाळतात ते मोजके.

तिकडे चाकणला नवं इंजिन जोडण्याची पद्धत वेगळी. फोक्सवॅगनने 2015 मध्ये तिथे 1.5 लिटर डिझेल इंजिनाची जुळणी सुरू केली. फोर्स मोटर्स मर्सिडीजची इंजिनं तिथेच जोडते. आधुनिक इंजिन कारखान्यांत कोल्ड टेस्ट असते: इंधन न घालता इलेक्ट्रिक मोटरने इंजिन फिरवायचं आणि दाबाचे, टॉर्कचे आलेख संगणकाला वाचू द्यायचे. रिंग चुकली, वॉल्व्ह नीट मिटला नाही, तर आलेख बोलतो. तिथे प्रत्येक भाग मापातच आलेला असतो, प्रश्न जोडणीचा. गॅरेजात भाग प्रत्येक वेगळ्या वयाचा, वेगळ्या हातातून गेलेला. कुठला ठेवायचा आणि कुठला फेकायचा, हे ठरवायला यंत्र नाही. दोन्ही कामांना इंजिन जुळवणं म्हणत असले तरी दुसरं अवघड आहे, असं दोन्हीकडे काम केलेले फिटर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

खर्चाचं गणित मांडताना मालकासमोर आणखी दोन वाटा असतात. एक ‘हाफ इंजिन’: कंपनीकडून क्रँक-पिस्टनसह तयार ब्लॉक घ्यायचा आणि वर आपलं हेड चढवायचं. दुसरी, भंगारात गेलेल्या गाडीचं जुनं इंजिन. मुंबईत त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड प्रसिद्ध. इकडे चिखलीजवळच्या कुदळवाडीत भंगाराची मोठी वसाहत होती. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली आणि व्यापारी पांगले. जुनं इंजिन घ्यायचंच तर उचलायच्या आधी तिथेच सेल्फ लावून कॉम्प्रेशन मोजू द्या म्हणावं. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. आणि कागद विसरू नये: आरसीवर इंजिनाचा क्रमांक असतो. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. एमएच-14 च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या गाडीला मोशीचं आरटीओ गाठावं लागतं. विक्रेत्याकडे मूळ गाडीचे कागद नसतील तर पोलिसांच्या आणि विमा कंपनीच्या प्रश्नांना उत्तर राहत नाही.

इंजिन बांधण्याचा दिवस शांत असतो. प्रत्येक रिंग आधी मोकळ्या बोअरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फीलरने मोजतात. सत्तर मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण 0.3 मिलिमीटर. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडून रिंग तुटते. पिस्टनवर चढवताना तिन्ही रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना ठेवतात, एका रेषेत आली तर वायूला सरळ वाट मिळते. हेडचे बोल्ट नवे, ठरलेल्या क्रमाने, आधी टॉर्क आणि मग अंशांत. ‘हाताचा अंदाज’ इथे चालत नाही, आणि अंदाजावर बोल्ट आवळणारा मेस्त्री बाकी कितीही हुशार असला तरी त्याला हेडपासून लांब ठेवावं.

गाडी चालू झाल्यावर मालकाला एकच गडबड असते, घेऊन जायची. बहुतेकदा चाकणला, कामावर. मेस्त्री हात आडवा करतो. नव्या रिंगा बसायला इंजिनावर मध्यम भार लागतो. फार पळवूनही चालत नाही आणि नुसतं न्यूट्रलला घुरघुरत ठेवूनही नाही. भार नसेल तर रिंगा बोअरला घट्ट दाबल्या जात नाहीत, ओरखड्यांच्या जाळीवर तेलाची चकाकी चढते आणि मग त्या कधीच नीट बसत नाहीत. पुणे–नाशिक महामार्गावर तळेगाव चौकात संध्याकाळी पाऊणेक तास पहिल्या गिअरमध्ये सरकणं ही नव्या बांधलेल्या इंजिनासाठी सगळ्यात वाईट सुरुवात. ‘आधी जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत जाऊन या, दादा. चौथ्यात चालवा, मध्येच जरा दाबा, मध्येच सोडा. हजार किलोमीटरला ऑइल बदलायला या. तेव्हा परत गेज लावू.’

भिंतीवरच्या खडूच्या पुसट झालेल्या आकड्यांखाली तो नव्या आकड्यांसाठी चार रकाने आखून ठेवतो आणि वर गाडीचा नंबर लिहितो.